अकरा कॅप्सूल

सकाळी सव्वानऊला फोन वाजला तेव्हा औषध निरीक्षकबाई खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत तरंगणारी माशी भिंगातून बघत होत्या. माशीचे सहाही पाय शाबूत होते आणि बाटली सीलबंद होती. असल्या गोष्टी रोज बघून माणसाची किळस मरते म्हणतात. बाईंची बावीस वर्षांत मेली नव्हती, उलट चांगली बाळसं धरून बसली होती.

फोन एका वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापकांचा होता. घाबरलेला माणूस आधी भलतंच सांगतो, तसं त्यांनी आधी संस्थेला तीस वर्षं झाल्याचं सांगितलं. मग गाडी मुद्द्यावर आली. बारा नंबरच्या खोलीतल्या आजी परवा, रविवारी, रुग्णालयात वारल्या. पायाला साधी जखम झाली होती, ती चिघळली. आश्रमात येणाऱ्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन लिहून दिलं. घरोघरी माहीत असलेलं, घसा आला, कान फुटला, जखम पिकली की देतात ते. सिस्टरने ते चार दिवस वेळच्या वेळी दिलं, असं ती सांगत होती. तरी विष रक्तात भिनलं. आता रुग्णालयाचा अहवाल आला होता. आजींच्या रक्तातले जंतू अगदी साधे, त्याच औषधाने मरणारे निघाले. दाखल करताना घेतलेल्या रक्तात औषधाचा मात्र मागमूस नव्हता.

"म्हणजे औषध दिलंच नाही," बाई म्हणाल्या.

"आजींच्या मुलीचं तेच म्हणणं आहे. तिने तक्रार केलीय. चार वाजता पोलिस सिस्टरला न्यायला येणार आहेत. मॅडम, चौदा वर्षं आहे हो ती आमच्याकडे. आणि संस्थेचं नाव..."

संस्थेच्या नावाचं काय ते ऐकायला बाई थांबल्या नाहीत. त्यांनी माशीची बाटली कपाटात ठेवली, हात धुतले आणि निघाल्या.

आश्रमाची इमारत दुमजली होती, भिंती फिक्या हिरव्या, फरशी लख्ख. बाईंनी दार उघडलं. वर फिनेलचा वास, खाली अंथरुणांचा, आणि त्या दोन्हींच्या खाली तिसरा एक, साचून नासलेल्या पाण्याचा. हा तिसरा वास दिवाणखान्यातल्या माशांच्या टाकीतून येत होता.

टाकी मोठी, माणूस आडवा झोपेल एवढी होती. पाणी साबणाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं होतं आणि चार सोनेरी मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. काचेवर कागद चिकटवलेला होता. त्यावर लाल शाईत, गोल टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'माशांना खायला घालू नये. त्यांना कळत नाही, तुम्हाला कळतं.'

इस्त्रीचा शर्ट घातलेले एक काटकुळे गृहस्थ बाह्या दुमडून काच पुसत होते. बाईंना बघताच त्यांनी लगबगीने खुर्ची पुढे केली. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झाले होते आणि सहा वर्षांपासून इथेच राहत होते. आश्रमाचं ग्रंथालय आणि ही टाकी दोन्ही तेच सांभाळत.

"वास येतोय ना? मला लाज वाटते," मास्तर म्हणाले. "कुणीतरी पाव टाकला असणार. बुधवारपासून पाणी नासलंय. सूचना लावली तरी लोक ऐकतात थोडेच."

मग त्यांनी सगळ्यात मोठा मासा दाखवला. पंधरा दिवसांपूर्वी त्याची शेपटी कुजून झडत होती. आता कडेने नवी, काचेसारखी पारदर्शक शेपटी फुटत होती. मास्तरांचा चेहरा नातवाचं प्रगतिपुस्तक दाखवावं तसा फुलला होता.

"कशाने बरी झाली?" बाईंनी विचारलं, निव्वळ सौजन्य म्हणून.

"मिठाच्या पाण्याने. आणि धीराने."

बाई पर्स ठेवायला खिडकीकडे वळल्या तर तिथे जाळीची एक काळी पिशवी पडलेली. हात लागता लागता राहिला. टाकीच्या गाळणीतला कोळसा आहे तो, मास्तर म्हणाले. पाणी स्वच्छ राहावं म्हणून असतो. गेल्या सोमवारी धुवायला काढला आणि परत घालायचा राहूनच गेला. वयाचा दोष, दुसरं काय.

सिस्टरबद्दल ते भरभरून बोलले. आजींना तिने एकही डोस चुकवला नाही, आपण स्वतः दिवसातून दोनदा आजींच्या खोलीत जाऊन बसत होतो, आपल्यासमोर ती कॅप्सूल द्यायची. हे पोलिसांना लिहून द्यायची त्यांची तयारी होती. बाईंना बरं वाटलं. त्या इमारतीत आल्यापासून भेटलेलं हे पहिलं माणूस होतं ज्याच्याजवळ उभं राहावंसं वाटलं.

सिस्टर औषधांच्या खोलीत बसली होती. पन्नाशीची बाई, डोळे सुजलेले, हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरलेले.

"औषध कधी आलं?"

"गेल्या सोमवारी दुपारी. एकवीस कॅप्सूल. दिवसाला तीन, सात दिवस."

"पहिली कधी दिली?"

"सोमवारी रात्री आठला. मग मंगळ, बुध, गुरू तीन-तीन. शुक्रवारी सकाळी एक. ताप उतरेना, आजी भ्रमिष्टासारखं बोलायला लागल्या, म्हणून मीच गाडी बोलावली."

"म्हणजे अकरा. गिळल्या का त्यांनी? गालात धरून नंतर थुंकल्या असतील."

"नाही. तोंड उघडायला लावून बघते मी. जीभ वर, जीभ खाली. म्हातारी माणसं लबाडी करतात, मला काय आज कळतंय का?"

"डबी कुणी भरली?"

सिस्टरने मांडीवरच्या हातांकडे बघितलं. "मीच. नियमच आहे तसा."

इथली पद्धत अशी होती. औषधं पाकिटातून काढून प्रत्येकाच्या नावाच्या डबीत भरून ठेवायची. डबीला सात दिवसांचे सात ओळींत कप्पे, दर दिवसाला सकाळ, दुपार, रात्र. चाळीस माणसं, चाळीस डब्या, दर सोमवारी भरायच्या. मग आठवडाभर सिस्टरने वेळेला कप्पा उघडायचा, औषध हातावर द्यायचं आणि तक्त्यावर खूण करायची. चाळीस माणसांना ही एकच सिस्टर होती. दुसरी वर्षापूर्वी सोडून गेली आणि व्यवस्थापक तिच्या जागी कुणी शोधतच होते.

तक्ता बाईंनी नीट पाहिला. खुणा वेळेवर केलेल्या होत्या, अक्षर मात्र कागदावर मुंग्या मरून पडाव्यात तसं. आजींची डबी व्यवस्थापकांच्या कपाटात होती. पोलिसांनी काल ती मोजून, कागदात गुंडाळून ठेवली होती. दहा कॅप्सूल शिल्लक. दहा आणि अकरा एकवीस. पोलिसांच्या मते प्रश्न मिटला होता. सिस्टरने अकरा कॅप्सूल संडासात टाकल्या आणि खुणा केल्या, झालं.

बाईंना ते पटत नव्हतं. कंटाळलेली सिस्टर एखादा डोस चुकवते, खूण करून मोकळी होते, हे त्यांनी पाहिलं होतं. पण ओळीने अकरा? आणि मग स्वतःच गाडी बोलावून रुग्णालयात पाठवते, जिथे रक्त तपासणारच?

खोल्या साफ करणाऱ्या मावशी मागच्या मोरीत भांडी घासत होत्या. भांडी म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांची भांडी. बाई दारातच थबकल्या आणि रुमाल नाकाला लावला. मावशींनी वर बघितलं आणि हसल्या.

"आत नका येऊ मॅडम, तिथूनच विचारा."

बाईंनी विचारलं, आजींचं शेवटच्या आठवड्यात काही वेगळं जाणवलं का. मावशी घासता घासता थांबल्या. असं काही विचारायला त्यांच्याकडे आजवर कुणी आलं नव्हतं.

"सांगते. पण तुम्हाला घाण वाटेल."

"घाण वाटून घ्यायचाच पगार मिळतो मला. सांगा."

"त्या लाल-पिवळ्या कॅप्सूल असतात ना, त्या कुणालाही चालू झाल्या की दुसऱ्या दिवसापासून भांड्याला त्यांचाच वास मारतो. लघवीतून येतं ते औषध. मी नुसत्या वासावर सांगते, हिला त्या कॅप्सूल चालू आहेत. उन्हाळ्यात याच आजींना दिल्या होत्या, तेव्हा भांडं तीनदा धुवायला लागायचं. या खेपेला काहीच नाही. साधं पाणी टाकलं की स्वच्छ. मला वाटलं, डॉक्टरांनी बदललं असेल औषध."

"हे कुणाला बोललात?"

"कुणाला बोलू? जेवायच्या टेबलावर बोलायची गोष्ट आहे का ही?"

बाईंनी रुमाल खाली घेतला आणि त्या मावशींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. औषध पोटात गेलं नाही हे रुग्णालयाच्या यंत्राला कळायच्या तीन दिवस आधी या बाईच्या नाकाला कळलं होतं. तिला कुणी विचारलं नाही, म्हणून आजी गेल्या. पण हेही तितकंच खरं होतं, की औषध दिलं गेलं नाही याचा हा पुरावा सिस्टरच्या विरोधातच जात होता. जर कॅप्सूल दिल्या असतील आणि औषध पोटात गेलं नसेल, तर उत्तर एकच उरत होतं.

बाई तडक व्यवस्थापकांच्या खोलीत गेल्या, डबीचा कागद सोडला आणि एक कॅप्सूल बाहेर काढली. अर्धी लाल, अर्धी पिवळी, वर कंपनीचा छाप. सगळं जिथल्या तिथे होतं. त्यांनी दोन्ही टोकं धरून ती हळूच ओढली आणि आतली पांढरी पूड कागदावर सांडली.

अमॉक्सिसिलिनचा वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. कुबट, गंधकासारखा. या पुडीला वासच नव्हता. बाईंनी चिमूट बोटांत चोळली. पूड करकरली. जिभेच्या टोकावर ठेवली, तर कडू नाही, काही नाही. त्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीतून आयोडीन मागवलं आणि एक थेंब टाकला. पूड निळी-काळी झाली. उरलेल्या नऊ कॅप्सूलचीही तीच गत.

"हे काय आहे?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"पीठ," बाई म्हणाल्या. "रक्तात जंतू पोसत असलेल्या ब्याण्णव वर्षांच्या बाईला तुमच्याकडे चार दिवस पीठ चारत होते."

व्यवस्थापक म्हणाले, कारखान्यातूनच आलं असेल. बाईंनी त्या बॅचचा कारखान्याने राखलेला नमुना आणि औषधाच्या दुकानातली पाकिटं फोनवरून तपासून घेतली. दुकानदाराने त्याच खोक्यातलं पाकीट फोडून बघितलं. वास असा आला की शेजारचं गिऱ्हाईक मागे सरकलं, असं त्याने सांगितलं. तेव्हा माल चोख होता. औषधाचं पीठ झालं ते इथेच, या इमारतीत.

स्वयंपाकघरात आचारी सूप ढवळत होता. करकरणारं पांढरं पीठ म्हटल्यावर त्याने कॉर्नफ्लोअरचा डबा काढून दिला. आपण ते फक्त सुपाला वापरतो, असं त्याने शपथेवर सांगितलं. दुसरं कोण नेतं? सिस्टर नेते, कुणाला काखेत, मांडीत चट्टे उठले की लावायला. मास्तर नेतात, ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं डकवायला खळ करतात तिची. व्यवस्थापकांच्या बायकोने एकदा नेलं होतं ते परत केलं नाही. गेल्या आठवड्यात कोण आलं होतं? आचाऱ्याला आठवेना. चाळीस माणसांचं दोन वेळचं रांधतो मॅडम, वाटीभर पिठाचा काय हिशेब ठेवू.

दोन वाजले. व्यवस्थापकांचा चेहरा उजळला होता, कारण आता दोष एका माणसावर नीट बसत होता. सिस्टरने डबी भरली, सिस्टर पीठ नेते. बाईंना त्यांच्या त्या सुटकेच्या चेहऱ्याची शिसारी आली. 'चौदा वर्षं आहे हो ती' म्हणणारा माणूस पाच तासांत फिरला होता.

बाई औषधांच्या खोलीत परत गेल्या. मांडणीवर उरलेल्या डब्या ओळीने लावल्या होत्या. त्यांनी प्रत्येकीतून अशाच कॅप्सूल शोधल्या, एकही मिळाली नाही. त्या औषधावर आश्रमात गेल्या महिन्याभरात दुसरं कुणीच नव्हतं. मग त्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत गेल्या. नाव, खोली, तारीख. लाल शाई, गोल टपोरं अक्षर.

"ही नावं कुणी लिहिली?"

सिस्टर उभीच होती. "मीच," ती म्हणाली.

बाई दिवाणखान्यात येऊन टाकीसमोरच्या खुर्चीत बसल्या. वास आता सकाळपेक्षा वाढला होता. एक मासा कुशीवर झाला होता. खिडकीत ती काळी पिशवी वाळत पडली होती. बाई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. झोपेच्या गोळ्या खाल्लेल्या माणसाला रुग्णालयात पहिल्यांदा काय पाजतात ते त्यांना आठवलं.

साडेतीनला त्यांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. सिस्टर, मावशी, आचारी, मास्तर, व्यवस्थापक. आजींची मुलगी पोलिसांच्या आधीच येऊन पोचली होती. साठीची, करड्या केसांची बाई. ती सिस्टरकडे पाठ करून बसली.

"सिस्टरने आजींना कॅप्सूल दिल्या," बाईंनी सुरुवात केली. "अकराच्या अकरा दिल्या, वेळेवर दिल्या. पण त्यांत औषध नव्हतं, कॉर्नफ्लोअर होतं. सिस्टरला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तर तिने शुक्रवारी आजींना रक्त तपासणाऱ्या लोकांच्या हवाली केलं नसतं, आणि उरलेल्या दहा कॅप्सूल पोलिसांसाठी जपून ठेवल्या नसत्या. एक गोष्ट मात्र ती खोटं बोलली. डबी तिने भरली नाही."

सिस्टरने मान खाली घातली.

"डब्यांवरचं अक्षर तिचं नाही. तिच्या तक्त्यावरचं अक्षर मी पाहिलंय, ते तिचं तिलाच लागत असेल. डब्यांवर लाल शाईतलं वळणदार अक्षर आहे. तेच अक्षर," बाईंनी टाकीवरच्या कागदाकडे बोट केलं, "इथे आहे. चाळीस माणसांना एक सिस्टर. दर सोमवारी चाळीस डब्या. एका निवृत्त, निर्व्यसनी, शास्त्र शिकलेल्या माणसाने मदत करू का विचारलं आणि तिने हो म्हटलं. नियमात बसत नाही, म्हणून ते लपवलं. बरोबर?"

"वर्षभर करतायत ते," सिस्टर पुटपुटली. "पाकिटं आणि डब्या ग्रंथालयात नेतात. कधी एक गोळी इकडची तिकडे झाली नाही."

सगळे मास्तरांकडे बघायला लागले. मास्तर टाकीकडे बघत होते.

"आता ही टाकी," बाई म्हणाल्या. "कोळसा आपल्यात काहीही शोषून घेतो. विष खाल्लेल्या माणसाला कोळशाची पूड पाजतात ती यासाठीच. गाळणीतला कोळसाही तेच करतो, पाण्यातलं औषध ओढून घेतो. मग माशांना औषध द्यायचं असलं तर पहिल्यांदा काय करायचं? कोळसा काढून ठेवायचा. तो सोमवारी काढला. आजींचं औषध सोमवारीच आलं."

"मीठ," मास्तर हळूच म्हणाले. "मी मीठ घातलं होतं."

"मिठासाठी कोळसा काढावा लागत नाही, मास्तर. तो मीठ ओढत नाही. शास्त्र तुम्ही शिकवत होता." बाई टाकीजवळ गेल्या, श्वास रोखून. "कुजणारी शेपटी जंतूंमुळे कुजते. ती आठ दिवसांत नव्याने फुटायला लागली. आणि बुधवारपासून पाणी नासलं. पावाने नाही. टाकीतल्या गाळणीत चांगले जंतू असतात, माशांची घाण तेच पचवतात. हे औषध जंतूची भिंतच बांधू देत नाही. भिंत कोसळते, जंतू मरतो. चांगला कोण, वाईट कोण, ते बघत नाही. माणसालाही ते घेतल्यावर पोट बिघडतं ते म्हणूनच. तुम्ही वाईट जंतू मारलेत, त्याबरोबर गाळणीतले चांगलेही मारलेत. आता मासे स्वतःच्या घाणीत गुदमरतायत."

बाईंनी खिशातून काचेची छोटी बाटली काढली आणि टाकीच्या तळाचं पाणी भरून तिला बूच लावलं. प्रयोगशाळेत यात काय सापडणार हे मास्तरांना त्यांच्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"एकवीसही घातल्या?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. ते घाबरलेले दिसत नव्हते. वर्गात एखाद्या मुलाने अनपेक्षितपणे बरोबर उत्तर द्यावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"दिवसाआड सात-सात," ते म्हणाले. "टाकी मोठी आहे. मी आधी दुकानात गेलो होतो. दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. माशाला चिठ्ठी कोण देणार?"

"आणि पीठ?"

"रिकाम्या कशा ठेवायच्या? वजन लागलं नसतं. सिस्टरला शंका आली असती, उगाच तिच्या जिवाला घोर."

बाईंना वाटलं आपण आता खरंच ओकू. माशी चालली असती. मोरी चालली असती. या माणसाने ग्रंथालयात बसून, चष्मा लावून, सुईने भरावं तसं एकेका टरफलात पीठ भरलं होतं आणि डबीवर आजींचं नाव सुबक अक्षरात लिहिलं होतं.

"तुम्ही दिवसातून दोनदा त्यांच्या खोलीत जात होता," बाई म्हणाल्या. "पाय काळा पडत चाललेला दिसत होता तुम्हाला. ताप दिसत होता. गुरुवारी तरी बोलायचं. गुरुवारी खरं औषध चालू झालं असतं तरी त्या वाचल्या असत्या."

"मला वाटलं मलमपट्टीने भरेल. पूर्वी भरायच्या जखमा." मास्तरांनी चष्मा परत चढवला. "आणि तुम्ही रागवाल, पण विचार करून बघा. त्या ब्याण्णव वर्षांच्या होत्या. हा मासा चार वर्षांचा आहे. नीट सांभाळला तर वीस वर्षं जगतो."

आजींची मुलगी उठली. ती आता ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. ती मास्तरांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "आई मला दर फोनवर सांगायची, तू महिन्यातून एकदा आलीस तरी चालेल. मास्तर आहेत ना."

मास्तरांनी नेहमीच्या सवयीने तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. तिने खुर्चीकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"आज सिस्टरला न्यायला पोलिस येणार होते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सकाळपासून माहीत होतं."

"मी सकाळीच सांगितलं की मॅडम तुम्हाला, तिचा काही दोष नाही म्हणून. लिहून द्यायलाही तयार होतो."

ते खरं होतं, आणि तेच सगळ्यात ओंगळ होतं. त्यांनी एका निरपराध बाईची बाजू मनापासून मांडली होती, फक्त तिला वाचवण्याएवढं बोलले नव्हते.

पोलिस बरोबर चारला आले आणि वेगळ्याच माणसाला घेऊन गेले. जाताना मास्तरांनी मावशींना थांबवलं आणि टाकीतलं अर्धंच पाणी बदला, सगळं एकदम बदललं तर मासे धसका घेतात, असं बजावलं. मावशी हातातली बादली घेऊन तशाच मोरीकडे निघून गेल्या. व्यवस्थापक बाईंना विचारत होते, अहवालात संस्थेचं नाव पूर्ण लिहावंच लागतं का.

बाई औषधांच्या खोलीत बसून अहवाल लिहायला लागल्या. सिस्टर समोर उभी राहिली. आता तिला कुणी नेणार नव्हतं, पण तिची नोंदणी, तिची नोकरी बाईंच्या पेनाखाली होती. सिस्टरच्या नावापुढे बाईंनी दोन ओळी लिहिल्या. पहिलीत लिहिलं, औषध देण्यात कोणतीही कसूर नाही. दुसरीत लिहिलं, डबी भरण्याचं काम नियमाविरुद्ध दुसऱ्याकडे सोपवलं व चौकशीत ते लपवलं.

दुसरी ओळ लिहून बाई थांबल्या. या ओळीवर नोंदणी जाऊ शकत होती. दिवसभर त्यांना जे जे दिसलं होतं त्यात ही सगळ्यात लहान घाण होती, आणि तीही थकव्यातून आलेली. चाळीस माणसं आणि दोन हात. ओळ गाळली तरी कुणाला कळणार नव्हतं. खुनी सापडला होता, मुलीला उत्तर मिळालं होतं, सिस्टर निर्दोष सुटली होती. बाईंनी पेन त्या ओळीवर टेकवलं, काट मारायला.

सिस्टरने ते बघितलं. तिने टेबलावर हात टेकला, कागद स्वतःकडे ओढून नीट वाचला आणि परत बाईंच्या समोर सरकवला.

"दुसरी ओळ राहू द्या, मॅडम," ती म्हणाली. "त्या अकराही मी माझ्या हाताने दिल्यात. जीभ वर, जीभ खाली करून."